मोबाइलच्या पडद्यावर सुताचे माप

जालना शहराची ओळख लोखंडाची. येथील औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या आणि रोलिंग मिलमधून निघालेली सळई जिल्ह्याबाहेर दूरदूर जाते. पण त्याच लोखंडाची खिडकी, ग्रिल, गेट, जिना, शटर करून देणारा कारागीर मात्र लहान आहे. एक पत्र्याचे शेड, एक वेल्डिंग मशीन, एक कटर आणि दोन-तीन शागीर्द एवढा त्याचा पसारा. त्याचा ड्रॉइंग बोर्ड म्हणजे शेडमधली फरशी. खडूने तो फरशीवर पूर्ण आकाराची चौकट आखतो, गुण्या लावतो, कर्ण मापतो आणि मगच पहिला तुकडा कापतो.

फरशीवरची ही आखणी अगदी नेमकी असते. तिच्यात दोष एकच, ती जागेवरून हलत नाही. संध्याकाळी झाडू फिरला की पुसली जाते. गिऱ्हाइकाला दाखवायची तर त्याला शेडमध्ये बोलवावे लागते, आणि सहा महिन्यांनी त्याच घराचे दुसरे काम निघाले तर माप पुन्हा घ्यावे लागते. सुतार, ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारे, फर्निचरवाले, शिंपी, सगळ्यांचीच थोड्याफार फरकाने हीच कथा आहे.

दुसरीकडे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. गिऱ्हाईक नमुन्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते आणि माप आवाजी निरोपात सांगते. मग सहज मनात येते की याच मोबाइलवर चौकटीचे चित्र मापासह काढता आले तर किती सोय होईल! तशी ॲप आहेतही. ऑटोकॅडसारख्या नामांकित सॉफ्टवेअरचीही मोबाइलसाठीची आवृत्ती २०१० सालीच आली होती. तरीही आपल्या कारागिरांपैकी पुष्कळ जण असे ॲप घेतात, दोन दिवस बोटे फिरवतात आणि वैतागून पुन्हा खडू हातात घेतात. “आपल्याला जमत नाही,” असे स्वतःलाच सांगतात. आमचे मत वेगळे आहे. यात कारागिराचा दोष फार थोडा आहे. चूक बहुतेक वेळा ॲप बनवणाऱ्याची असते, आणि ती कुठे असते हे कारागिराने समजून घेतले तर चांगले ॲप निवडताही येईल आणि आपल्या मुलांकडून बनवूनही घेता येईल.

बोटाखाली सात इंच

आधी थोडे गणित. आज बाजारात मिळणाऱ्या साधारण मोबाइलच्या पडद्याची रुंदी सुमारे ६८ मिलिमीटर असते. त्यावर चार फूट रुंदीची, म्हणजे १२१९ मिलिमीटरची खिडकी पूर्ण बसवायची, तर चित्र अठरापट लहान करावे लागते. आता पडद्यावर टेकलेल्या बोटाचा ठसा साधारण १० मिलिमीटर रुंद धरा. म्हणजे बोट टेकताच त्या चित्रातली १७९ मिलिमीटर, जवळजवळ सात इंच जागा बोटाखाली झाकली जाते. आणि आपला कारागीर काम करतो सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. ते या पडद्यावर एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही बारीक होते. सात इंचांच्या कुंचल्याने सुताची रेघ मारायला सांगण्यासारखाच हा प्रकार झाला.

कोणी म्हणेल, चित्र मोठे करून घ्या, दोन बोटांनी ताणा. तेही करून पाहू. बोटाने सहज टिपता यावे यासाठी पडद्यावरची वस्तू साधारण सात ते नऊ मिलिमीटरची असावी, असे मोबाइलच्या मोठ्या कंपन्याच ॲप बनवणाऱ्यांना सांगतात. एक सूत नऊ मिलिमीटरचे दिसेल एवढे चित्र ताणले, तर पडद्याच्या रुंदीत खिडकीचा एक इंचही पुरता मावत नाही. चार फुटांची खिडकी इंच इंच सरकवत पाहायची, तर आपण कुठल्या कोपऱ्यात आहोत हेच समजत नाही. म्हणजे दूरून पाहिले तर बारकाई जाते आणि जवळून पाहिले तर चौकट हरवते. नुसत्या बोटाने हा पेच सुटणारा नाही.

भर म्हणून बोटाची आणखी एक खोड आहे. माणूस नेम धरतो तो वरून, नखाच्या कडेकडे पाहत. पडद्याला कळते ती मात्र खाली टेकलेल्या मांसल भागाची जागा. ख्रिश्चन होल्झ आणि पॅट्रिक बाउडिश या संशोधकांनी २०१० आणि २०११ साली प्रयोगांनी दाखवले की बोटाच्या नेमात दिसणारी पुष्कळशी चूक या दोन जागांमधल्या फरकातून येते. तेव्हा आपले बोट वेल्डिंगने जाड झाले आहे म्हणून रेघ चुकते, असे समजायचे कारण नाही. नाजूक बोटाचीही रेघ चुकते.

साठ वर्षांपूर्वीचा उपाय

या अडचणीवर विचार फार जुना आहे. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने आपल्या डॉक्टरेटसाठी ‘स्केचपॅड’ नावाची यंत्रणा तयार केली. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघा ओढायच्या. हात थरथरला, रेघ तिरपी गेली तरी चिंता नाही. मग दुसऱ्या हाताने बटणे दाबून सांगायचे, या दोन रेघा समांतर कर, या दोन सारख्या लांबीच्या कर, हा कोन काटकोनात आण. वेडेवाकडे चित्र यंत्र स्वतःच नेमके करून देई. हाताने आकार दाखवायचा आणि नियमाने माप पक्के करायचे, ही ती युक्ती. फरशीवर आखणारा आपला उस्तादही नेमके हेच करतो. आधी अंदाजाने खडू फिरवतो, मग टेप आणि गुण्याने रेघ पक्की करतो.

बोटाने स्पर्श करायचे पडदे आल्यावर मेरिलँड विद्यापीठात पॉटर, वेल्डन आणि श्नायडरमन यांनी १९८८ साली एक प्रयोग केला. पडद्यावर बोट टेकताच खूण पक्की न करता ती बोटाच्या थोडी वर दाखवायची, बोट सरकवून नीट जागेवर आणू द्यायचे आणि बोट उचलल्यावरच पक्की करायची. या रीतीत चुका कमी झाल्या. पुढे २००७ साली डॅनियल व्होगेल आणि बाउडिश यांनी ‘शिफ्ट’ ही पद्धत मांडली. तिच्यात बोटाखाली झाकलेला भाग वर एका छोट्या वर्तुळात दाखवला जातो. मोबाइलवर मजकूर लिहिताना बोट दाबून ठेवले की कधीकधी वर भिंग उमटते, ते याच जातीचे.

ॲप घेताना पहिली परीक्षा यावरच करावी. खिडकीचा कोपरा धरून सरकवा. कोपरा बोटाखाली दडला आणि भिंगही आले नाही, तर बनवणाऱ्याने मोठ्या संगणकाचे ॲप उचलून छोट्या पडद्यावर कोंबले आहे असे समजावे. माऊसचा बाण काही झाकत नाही, बोट झाकते. हा साधा फरक ज्याने ओळखला नाही, त्याच्या ॲपमध्ये पुढेही अडचणीच निघतील.

पण भिंग हा आधार झाला, नेमकेपणा त्यातून येत नाही. नेमकेपणा येतो आकड्यातून. कोणती रेघ ते बोटाने दाखवावे आणि ती किती लांब ते आकड्याने सांगावे. लहान पडद्यावरचे चांगले ॲप या एका सूत्रावर उभे असते. पुढचा सगळा प्रश्न उरतो तो आकडा घ्यायचा कसा, आणि आपल्या लोकांचे काम तिथेच अडते.

चार पॉइंट सहा म्हणजे किती?

कारागिराच्या वहीत “४.६” लिहिलेले असते. त्याचा अर्थ चार फूट सहा इंच. हाच आकडा परदेशी ॲपमध्ये टाकला तर ते त्याला दशांश समजते, आणि ४.६ फूट म्हणजे होतात चार फूट सात इंच आणि वर दीड सूत. सव्वा इंचाच्या आसपास फरक पडला! “४.१०” लिहिले तर आणखी गंमत. आपल्या हिशेबाने चार फूट दहा इंच. यंत्राच्या हिशेबाने ४.१ फूट, म्हणजे चार फूट एक इंचाच्या जरा वर. साडेआठ इंचांहून जास्त फरक. कापलेला तुकडा सरळ भंगारात. भंगाराचा भाव आणि नव्या मालाचा भाव यांत काय अंतर असते ते जालन्याच्या व्यापाऱ्याला सांगायला नको.

म्हणून आमचे म्हणणे असे की ॲपमध्ये फोनचा नेहमीचा कळफलक नकोच. तो अर्धा पडदा खातो आणि त्यावर फूट-इंच-सूत कुठेच नाही. ॲपने स्वतःचा छोटा कळफलक द्यावा. त्यात आकड्यांसोबत ‘फूट’, ‘इंच’ आणि ‘सूत’ अशा तीन स्वतंत्र कळा असाव्यात, म्हणजे टिंब देण्याची वेळच येणार नाही. शिवाय आपण बोलतो सव्वा, साडे, पावणे या भाषेत. “पावणेचार फूट तीन सूत” हे माप तोंडी सांगायला सोपे आहे. लिहायला गेलो तर ३ फूट ९ इंच ३ सूत, आणि मिलिमीटरमध्ये ११५२.५. एक ‘पाव’, एक ‘अर्धा’ आणि एक ‘पाऊण’ कळ दिली तर मिस्त्री जसे बोलतो तसे माप टाकू शकेल. रेघेवर दोन्ही मापे दिसावीत, वर सुताचे आणि खाली मिलिमीटरचे. कारण माल मिलिमीटरमध्ये येतो आणि काम सुतात होते, आणि घोटाळा या दोघांच्या मध्ये होतो.

चार सुती गजाचा घोटाळा

हा घोटाळा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण तो आपल्या गावच्या मालाचा आहे. बाजारात १२ मिलिमीटरच्या सळईला ‘चार सुती’ म्हणतात, १० मिलिमीटरच्या सळईला ‘तीन सुती’, १६ मिलिमीटरच्या सळईला ‘पाच सुती’. नावे जुन्या इंचांच्या काळातली आहेत आणि बोलण्यापुरती ठीक आहेत. पण चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. प्रत्यक्ष गज मात्र १२ मिलिमीटरचा. फरक ०.७ मिलिमीटरचा, डोळ्याला दिसतही नाही.

आता चार फूट आतल्या मापाच्या चौकटीत उभे अकरा गज बसवायचे आहेत. गजांमधल्या मोकळ्या जागा होतात बारा. गज १२.७ धरला तर प्रत्येक जागा येते जवळजवळ ९० मिलिमीटर; गज १२ धरला तर ९०.६. शागीर्दाने ९० चे गुटखे लावून एकामागून एक गज टाचत नेले, तर शेवटची जागा सुमारे ९७ मिलिमीटर उरते, म्हणजे इतरांपेक्षा जवळपास सव्वादोन सूत मोठी. रंग दिल्यावर दारातून येणाऱ्या पाहुण्यालाही ते दिसते. गिऱ्हाईक बोलत नाही, पण बिलातून पैसे कापते.

चांगल्या ॲपने येथे दोन गोष्टी कराव्यात. पहिली, ‘चार सुती’ हे नाव निवडले की आत १२ मिलिमीटर धरावेत. नाव नाव म्हणून ठेवावे आणि माप मालाचे घ्यावे. दुसरी, एकेका जागेचे माप सांगण्याऐवजी सगळी मापे एकाच कडेपासून सलग द्यावीत. आपल्या उदाहरणात पहिल्या गजाचा मध्य ९६.६ वर, दुसऱ्याचा १९९.२ वर, तिसऱ्याचा ३०१.८ वर. टेप एकदाच लावायचा आणि चौकटीवर अकरा खुणा करायच्या. मग प्रत्येक खुणेची बारीक चूक तिथेच राहते, पुढच्या गजावर चढत नाही. हिशेब करताना ॲपने आत पूर्ण दशांश ठेवावेत आणि दाखवतानाच काय ते जवळच्या अर्ध्या सुतावर आणावे. काही ॲप आधीच आकडा पूर्ण करून टाकतात आणि मग त्याला बाराने गुणतात. तिथेच घात होतो.

व्यापाऱ्यांसाठी याच आकड्याची दुसरी बाजू आहे. गोल सळईचे वजन काढायची आपली सोपी रीत म्हणजे मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, की एका मीटरचे किलो मिळतात. १२ मिलिमीटरला येतात ०.८८९ किलो. कोणी १२.७ धरले तर ०.९९६. बारा टक्के फरक! कोटेशन देताना हा फरक एका बाजूला गेला तर काम हातचे जाते, दुसऱ्या बाजूला गेला तर नफा जातो.

पाइपचेही तसेच. ‘वीस फुटी’ म्हणून घेतलेला पाइप पुष्कळदा सहा मीटरचा असतो. वीस फूट म्हणजे ६०९६ मिलिमीटर. सहा मीटरचा पाइप त्याहून पावणेचार इंच आखूड. त्यातून पाच फुटांचे चार तुकडे निघत नाहीत, आणि कटरचे चाक दर कापाला सुमारे एक सूत खाते ते वेगळेच. चित्र काढल्यावर तुकड्यांची यादी देणारे ॲप असेल तर त्याला कापाची जाडी आणि पाइपची खरी लांबी सांगता यायला हवी.

भिंत गुण्यात नसते

आता एक असा दोष, जो भारी ॲपमध्येही सापडतो. त्यांची अशी समजूत असते की खिडकीचे भोक नेहमी काटकोनी असते. बोट जरा सरळ फिरवले की रेघ आपोआप काटकोनात उडी मारून बसते. नव्या बांधकामात हे सोयीचे आहे. पण कादराबादेत किंवा जुन्या जालन्यात एखाद्या जुन्या घराच्या खिडकीला ग्रिल बसवायला गेलेल्या माणसाला विचारा. तिथे भिंत ओळंब्यात नसते, चौकट गुण्यात नसते आणि वरची रुंदी खालच्या रुंदीशी जुळत नाही.

चार बाजू मापल्या की झाले, असे पुष्कळांना वाटते. तेवढ्याने होत नाही. चार बाजू तशाच ठेवून चौकट कलंडू शकते. चार पट्ट्यांना खिळे मारून सैल चौकट करा आणि ढकलून पाहा, लगेच कळेल. म्हणून कर्ण मापायचा. ४८ इंच रुंद आणि ४२ इंच उंच भोक काटकोनी असेल तर कर्ण ५ फूट ३ इंच ६ सूत भरला पाहिजे. तो एक इंच जास्त भरला तर दुसरा कर्ण साधारण तेवढाच कमी भरेल, आणि वरची कड खालच्या कडेपेक्षा सव्वा इंचाहून अधिक सरकलेली असेल. चौकट शेडमध्ये काटकोनी बनवून नेली तर ती भिंतीत जाणारच नाही, किंवा एका कोपऱ्यात बोटभर फट राहील.

तेव्हा ॲपने पाच मापे मागावीत, चार बाजू आणि एक कर्ण. सहावे माप, म्हणजे दुसरा कर्ण, मागून पडताळा घ्यावा. जुळला नाही तर तिथल्या तिथे सांगावे की कोणते तरी माप चुकले आहे, पुन्हा घ्या. टेप अजून हातात आहे आणि शिडी अजून भिंतीला लागलेली आहे, तेव्हाच हे कळण्यात फायदा. शेडमध्ये परत आल्यावर कळून काय उपयोग? मोबाइलने फरशीवरच्या खडूवर कुठे मात केली तर ती इथे केली पाहिजे. त्याचबरोबर माप ‘आतून आतून’ की ‘बाहेरून बाहेरून’ हेही प्रत्येक वेळी विचारावे. चौकटीचा अँगल दीड इंची असेल तर या एका शब्दाने तीन इंचांचा फरक पडतो.

ऊन, धूळ आणि घाम

ॲप बनवणारा गार खोलीत बसतो. आपला माणूस एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर उभा असतो. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक राखाडी रेघा दाखवायची फॅशन आहे. उन्हात त्यातले काही दिसत नाही. पांढऱ्यावर जाड काळी रेघ हेच बरे. फोन तापला की पडद्याचा उजेड आपोआप मंदावतो, मग तर विचारूच नका. घामाचा थेंब पडला तर पडद्याला ते बोट वाटू शकते आणि वेल्डिंगचा हातमोजा घातला तर बोटच ओळखू येत नाही. म्हणून चुकून झालेली खूण मागे घेण्याची कळ मोठी आणि हाताशी हवी. एका हातात टेप असतो, त्यामुळे सगळी हत्यारे खाली, अंगठा पोहोचेल तिथे असावीत आणि चित्र वर असावे. फोन वाजला, बॅटरी संपली तरी काढलेले चित्र जाऊ नये. आणि इंटरनेट नसताना ॲप चालले पाहिजे. गल्लीबोळात किंवा तळमजल्यात नेटवर्क शोधत कोण फिरणार?

लेखणीचे काय, असेही विचारले जाते. रबरी टोकाची स्वस्त लेखणी मिळते, पण तिचे टोक बोटापेक्षा फारसे बारीक नसते. हात पडद्यावरून जरा दूर राहतो एवढाच लाभ. खरी बारीक लेखणी वेगळ्या जातीची असते आणि ती ठरावीक फोनवरच चालते. सॅमसंगने २०११ साली नोट या फोनसोबत तशी दिली, ॲपलने २०१५ साली आयपॅडसाठी काढली. नक्षीकाम, मेंदीचे नमुने, सुलेखन, कशिद्याचे आरेखन करणाऱ्यांना ती उपयोगी आहे. तिथे हाताची वळणे महत्त्वाची, आकडा दुय्यम. ग्रिलवाल्याने तिच्यासाठी खर्च करण्यात अर्थ नाही.

प्रत्येक धंद्याची बारकाई वेगळी असते हेही ध्यानात घ्यावे. मोसंबीच्या बागेत ठिबक टाकून देणारा दुकानदार मोबाइल घेऊन बांधावरून चालत शेताचा नकाशा काढतो. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचे स्थान साधारण पाच मीटरपर्यंत चुकू शकते. चार-पाच एकरांच्या बागेत नळ्यांचा अंदाज काढायला हे चालते. पण एका गुंठ्याच्या प्लॉटची बाजू असते ३३ फूट, म्हणजे दहा मीटर. तिथे पाच मीटरची चूक म्हणजे अर्धा प्लॉट शेजाऱ्याचा! तिथे टेपच पाहिजे.

रुंदी आधी की उंची आधी?

आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण हिशेब मराठीत ठेवतात आणि टिपणे उर्दूत करतात. चित्रावर नावे लिहिताना येथे एक अडचण येते, जी इतरांना सुचणारही नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, आकडे डावीकडून उजवीकडे. उर्दू ओळीत “४८ × ४२” टाकले की पडद्यावर त्या दोन आकड्यांच्या जागा उलटतात आणि ४२ डावीकडे दिसू लागते. लिहिणारा उजवीकडून वाचतो, त्याला बरोबर वाटते. तेच चित्र मराठी वाचणाऱ्या शागीर्दाने पाहिले की तो डावीकडून वाचतो आणि रुंदीची उंची होते. यावर उपाय साधा आहे. गुणाकाराच्या चिन्हाने मापे लिहूच नयेत. प्रत्येक माप त्या-त्या रेघेवर बाणासह असावे आणि सोबत ‘रुंदी’ किंवा ‘चौड़ाई’ असा शब्द ज्याच्या त्याच्या लिपीत असावा. ॲप बनवणाऱ्याने हे सुरुवातीलाच धरले नाही तर मागून बसवणे फार जड जाते.

चित्र पुढे पाठवण्याबाबतही थोडे सांगतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की ते दाबून लहान केले जाते आणि बारीक आकडे पुसट होतात; पीडीएफ करून दस्तऐवज म्हणून पाठवावे. गेटची जाळी लेझर किंवा प्लाझ्मावर कापून घ्यायची असेल तर कटिंगवाला डीएक्सएफ फाइल मागतो. हा साचा ऑटोकॅडसोबत १९८२ साली निघाला आणि आजही सर्वत्र चालतो. त्यात एक खाच आहे. आकडा इंचाचा की मिलिमीटरचा हे त्या फाइलमध्ये पुष्कळदा नोंदवलेलेच नसते. इंचात काढलेले चित्र समोरच्याने मिलिमीटर समजून उघडले तर माल २५.४ पट लहान निघेल. तेवढी मोठी चूक निदान डोळ्याला दिसते. तरीही फाइलसोबत एका बाजूचे माप निरोपात लिहून पाठवावे.

बनवणार कोण?

फूट, इंच, सूत, पावणे आणि साडे समजणारे, मराठी आणि उर्दू दोन्ही बोलणारे ॲप दूर देशातली कंपनी आपल्यासाठी काढील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. पण ते काढणे आता मोठ्या भांडवलाचे कामही राहिलेले नाही. अँड्रॉइडचे ॲप बनवण्याची साधने गुगल फुकट देते आणि प्ले स्टोअरवर ॲप ठेवण्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. लिब्रेकॅडसारखे आरेखनाचे साधन संगणकावर विनामूल्य मिळते, त्यावर हात बसवता येतो. आपल्या घरांतून डिप्लोमा आणि संगणकाची पदवी घेतलेली मुले नोकरीसाठी पुण्याकडे पाहत असतात. त्यांच्यापैकी एकाने एक महिना मामाच्या किंवा चाचांच्या शेडमध्ये बसून काढला तर जे कळेल ते कोणत्याही पुस्तकात नाही.

सुरुवात कागदावर करावी. फोनच्या आकाराचा पुठ्ठा कापून त्यावर पेन्सिलीने कळा आखा. शिक्क्याच्या पॅडवर अंगठा दाबून त्या पुठ्ठ्यावर टेकवा. शाईचा ठसा शेजारच्या कळेवर चढला तर कळा लहान आहेत. मग पाच कारागिरांना एकेकटे बसवून सांगा, चार फुटांची खिडकी काढा, अकरा गज टाका. शिकवू नका, नुसते पाहा. ज्या जागी तिघे अडतील ती जागा बदला. गजाच्या खिडकीपासून आरंभ करावा, कारण ती सर्वांत जास्त होते आणि तिचा हिशेब सर्वांत सोपा आहे. जिना आणि कमान नंतर.

ज्यांना तयार ॲप विकत घ्यायचे आहे त्यांनी पैसे भरण्याआधी फुकट आवृत्तीवर एकच खिडकी काढून पाहावी. ४ फूट ६ इंच ३ सूत हे माप जसेच्या तसे टाकता येते का, चार बाजू आणि एक कर्ण देऊन तिरपी चौकट काढता येते का, फोनचे इंटरनेट बंद करून ॲप चालते का, हे तपासावे. शिवाय वर्गणी थांबवल्यावर आपलीच जुनी चित्रे उघडतील की कुलूप लागेल, हे विचारून घ्यावे. काही ॲप चित्र काढू देतात फुकट, पण डीएक्सएफ किंवा पीडीएफ बाहेर काढायचे म्हटले की पैसे मागतात, आणि तोवर वर्षभराची गिऱ्हाइकांची मापे त्यातच अडकलेली असतात.